तिन्ही सुनांचा सारखा वाटा

ती घटना आठवली की आजही हातातला घास ताटात परत ठेवावासा वाटतो. पोलीस खात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस निबर होतो, तसा मीही झालो होतो. कुऱ्हाडीने तोडलेली माणसं पाहिली, विहिरीतून काढलेली पाहिली, आणि पंचनामा आटोपून शांतपणे जेवायला बसलो. या प्रकरणात मात्र रक्ताचा थेंब नव्हता, भांडण नव्हतं, घरात कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता. तरी मी असा हादरलो की तसा पुन्हा कधी हादरलो नाही. कुणाचंही नाव देत नाही. ते घर अजून नांदतं आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका. तिथल्या तापीकाठच्या एका ठाण्याला मी फौजदार होतो. मार्गशीर्षात सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरली की आसपासच्या ठाण्यांतली माणसं बंदोबस्ताला ओढली जात. खिसेकापू पकडायचे, जुगाराचे फड उठवायचे, आणि विकलेला घोडा लंगडा निघाला म्हणून एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्यांना आवरायचं. त्यातले निम्मे जण, भांडण मिटल्यावर, आमच्याच तंबूत चहा मागत.

अशा एका सकाळी गुडघ्यापर्यंत भिजलेला एक म्हातारा तंबूत शिरला. अंगावर पांढरंशुभ्र धोतर, चांगल्या घरचा शेतकरी दिसत होता.

"साहेब, मन्ही आंडेरले मारी टाकं! तठे पलीकडे लाकडं रची ऱ्हायनात!"

आंडेर म्हणजे लेक. तो हात लांब करून नदीच्या पलीकडचा काठ दाखवत होता. तिथे खरोखर माणसांचा घोळका दिसत होता. म्हातारा यात्रेसाठी निघाला होता, वाटेत लेकीला भेटावं म्हणून तिच्या सासरी गेला, तर दारात तिरडी बांधायला घेतलेली. दिवाळीला ती माहेरी आली होती तेव्हाच तिचा हाडांचा सापळा झाला होता, असं तो सांगत होता. सगळा संशय त्याचा लेकीच्या थोरल्या जावेवर. "थोरलीनी काहीतरी खावाडं तिले," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे.

चिता एकदा पेटली की आमच्या हाती राखेशिवाय काही लागणार नव्हतं. हवालदाराला घेऊन मी नावेत बसलो आणि नावाड्याला जन्मात मारली नसतील इतकी वल्ही मारायला लावली.

चितेवरून मयत उतरवायला सांगणं हे पोलिसाच्या वाट्याचं सगळ्यात वाईट काम. लोक अंगावर आले. पोलीसपाटलाने मध्ये पडून त्यांना थोपवलं. गावातल्या दोन बायकांना पंच म्हणून बोलावून प्रेत तपासून घेतलं. मार नाही, वळ नाही, गळ्यावर खूण नाही. पण ती पोर बघवत नव्हती. केळीच्या बागा आणि दारात म्हशी असलेल्या गुजर घरातली सून, आणि तिच्या बांगड्या हातातून गळून पडू नयेत म्हणून दोऱ्याने मनगटाला बांधलेल्या होत्या.

मयत तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी हृदय वाजवीपेक्षा मोठं झालेलं आहे असं नोंदवलं, मृत्यूचं कारण राखून ठेवलं आणि व्हिसेरा मुंबईला रासायनिक तपासणीसाठी पाठवला. तो अहवाल यायला आठवडे लागायचे. तोवर हातावर हात धरून बसणं शक्य नव्हतं. मुलीचा बाप रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसत होता.

घरात विधवा सासू, तीन मुलगे आणि तीन सुना. थोरलीला लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. मधलीला दोन मुली. मेलेली धाकटी, तिच्या पदरी वर्षभराचा मुलगा. एवढं कळल्यावर गावाला पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. वांझोटीने मत्सरापोटी लेकुरवाळीला विष घातलं, असा निकाल पारावर लागून गेला होता. थोरल्या मुलाला दुसरी बायको करून द्यायची, अशी भाऊबंदांत कुजबुजही होती.

मी सासूबाईंचा जबाब घेतला. त्यांच्याबद्दल मात्र गावात वाईट बोलणारं कुणी भेटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या सासूने सुनांमध्ये डावं-उजवं केलं होतं आणि त्यापायी घराचे तुकडे झाले होते. आपल्या घराचं तसं होऊ द्यायचं नाही, हा त्यांनी धरलेला नेम. लुगडी आणली तर तिघींना एकाच रंगाची, एकाच काठाची. आंब्याची फोड लहानमोठी झाली तर पुन्हा कापायच्या. शेजारणी यावर हसायच्या, पण आपल्या सुनांना त्याच घराचं उदाहरणही द्यायच्या.

"धाकटीला काही औषधपाणी चालू होतं?" मी विचारलं.

"नही साहेब. कसानं औषध? मन्हा घरमा जे येस ते तिन्ही वहूस्ले सारखं."

हे वाक्य लेखनिकाने जबाबात लिहून घेतलं. मी त्यावरून सरळ हिशेब मांडला. अन्न तिघींचं एक, मग विष अन्नात नाही. धाकटीला कुणीतरी वेगळं काही दिलं. आणि चूल सांभाळायची ती थोरली.

त्या काळी घरंदाज बाईला ठाण्यात बोलवायचा रिवाज नव्हता. तिच्याच ओट्यावर, पोलीसपाटलाच्या बायकोला शेजारी बसवून मी तिची चौकशी केली. सशक्त बांध्याची बाई, पण दंडावरची चोळी सैल झालेली. हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला तरी पाणी सांडलं. पौषातली बोचरी थंडी, मी कोटाची बटणं लावून बसलेलो, आणि हिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गळ्याशी शीर उडताना दिसत होती. डोळे मोठे, टक्क उघडे.

"साहेब, आरोपी समोर बसलाय," हवालदार माझ्या कानाशी पुटपुटला. कापरे हात, घाम, विस्फारलेले डोळे. आम्हाला खात्यात हेच तर शिकवलेलं.

"धाकटीला तू काय दिलंस?"

"मी काही दिधं नही."

"मग एवढी घाबरतेस कशाला?"

"मी घाबरस नही, साहेब. मन्हा जीवच असा करी ऱ्हायना." तिने छातीवर हात ठेवला. मला ते ढोंग वाटलं.

त्यातच एका शेजारणीने नवी बातमी दिली. उन्हाळ्याच्या शेवटी थोरली आणि तिचा नवरा रेल्वेने सुरतेला गेले होते आणि येताना कागदात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले होते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, देवदर्शनाला गेलो होतो. कुठला देव, तर तो गडबडला. बायकोला विचारलं तर तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तोंडातून अक्षर नाही. खोटं बोलणारा नवरा, गप्प बसलेली बायको आणि दडवलेली बाटली. खुनाच्या कलमाखाली अटक करायला आणखी काय हवं? बाटली हाती लागली की थोरलीला बेड्या घालायच्या, हे मी मनात नक्की केलं. तिच्या गळ्याभोवती फास आवळत चालला होता आणि तो आवळणारा मी होतो.

झडतीला आम्ही सकाळीच गेलो. दोन पंच, हवालदार आणि मी. आतून पूजेची घंटा ऐकू येत होती, म्हणून जोडे काढून माजघराच्या उंबऱ्यापाशी थांबलो. सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. मांडीवर धाकटीचं मूल. समोर थोरली आणि मधली ओंजळ पुढे करून बसलेल्या. मला पाहून सासूबाईंनी पदर सारखा केला.

"थांबा साहेब, आधी यास्नं व्हई जाऊ द्या."

मग त्यांनी देवांच्या मागे हात घालून एक तपकिरी बाटली काढली.

जी बाटली शोधायला मी धान्याच्या कणग्या उपसणार होतो, ती म्हातारी माझ्या डोळ्यांदेखत उघडत होती. तिने थोरलीच्या तळहातावर एक गोळी ठेवली, वर पळीभर तीर्थ. मधलीच्या तळहातावर एक गोळी, वर तेवढंच तीर्थ. आणि तेव्हा मला दिसलं की मधलीचाही हात कापत होता. अगदी थोरलीसारखाच. तिच्याही कपाळावर घाम होता. तिच्यावर तर आम्ही कधी संशयही घेतला नव्हता, ती कशाला घाबरेल?

हे मनात यायला आणि सासूबाईंनी तिसरी गोळी काढायला एकच गाठ पडली. ती त्यांनी वाटीत टाकली, पळीच्या बुडाने चुरली, वर दूध ओतलं आणि वाटी मांडीवरच्या मुलाच्या ओठांशी नेली.

"थांबा!" मी ओरडलो. सोवळं-ओवळं मला काही सुचलं नाही. म्हाताऱ्या बाईच्या हातातली वाटी मी हिसकावून घेतली. दूध देव्हाऱ्यावर सांडलं.

"ह्या कसल्या गोळ्या?"

"ताकदन्या," त्या भांबावून म्हणाल्या. "मन्हा मोठा पोऱ्यानी सुरतथीन आन्यात. रोज तिन्हीस्ले एकएक देस मी."

"आणि या मुलाला?"

"हाऊ याना मायना वाटा शे, साहेब. ती गयी. तिना वाटा तिना लेकरूलेच जाई ना? दुसरा कोनले देऊ?"

मी मुलाकडे पाहिलं. गाल लाल, अंग भट्टीसारखं, छातीचा भाता चाललेला, हातपाय सारखे वळवळत. आई गेल्यापासून पोर झोपत नाही, दूध कितीही पाजलं तरी अंगाला लागत नाही, आईला शोधतं, असं घरातल्या सगळ्यांनी मला सांगितलं होतं. मीही ते ऐकून हळहळलो होतो. मी त्या घरात चौकशा करत होतो त्या सगळ्या दिवसांत, रोज सकाळी, देवासमोर, आजी त्याला आईचा वाटा पाजत होती.

पंचनामा तसाच राहिला. बंदोबस्तासाठी आलेली जीप अजून परत गेलेली नव्हती. तीत दोघी सुना, मूल आणि बाटली घातली आणि नवापूरकडच्या एका मिशन दवाखान्याची वाट धरली. थोरलीने मूल छातीशी धरलं होतं. वाटेत एकदाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि आधी काही न बोलता मुलाच्या छातीवर नळी लावली. मग दोघी बायकांच्या नाड्या पाहिल्या.

"ही कुणाची?"

"तिघींची," मी म्हणालो. "आणि याचीही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या गळ्यात एक ग्रंथी असते. खाल्लेलं अन्न अंगात किती वेगाने जाळायचं, ते तिच्या रसावर ठरतं. कत्तलखान्यातल्या जनावरांच्या त्याच ग्रंथी वाळवून या गोळ्या करतात. ज्यांची ग्रंथी मंद आहे त्यांना त्या देतात, पण शहरांतले काही डॉक्टर अंगावरची चरबी उतरवायलाही देऊ लागले आहेत. माणूस बारीक होतो हे खरं. पण धडधाकट अंगात गोळी गेली की हृदय घोड्यासारखं दौडत राहतं. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते.

"लहानपणी सांध्यांचा ताप येऊन ज्यांचं हृदय आधीच अधू झालेलं असतं, त्यांना तर ही गोळी जीवघेणीच." धाकटीच्या बापाने मला सांगितलं होतं, पोर लहान असताना सांधे सुजून महिनाभर अंथरुणाला खिळली होती म्हणून. तेव्हा मी ते निरर्थक समजून सोडून दिलं होतं.

हवालदार दाराशी उभा राहून ऐकत होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "लोक अंगाने भरायला औषध घेतात. बारीक व्हायला कोण घेईल?" त्याचं चुकलं नव्हतं. त्या मुलखात भरल्या अंगाची सून म्हणजे घरची बरकत.

थोरलीचा नवरा दुपारी येऊन पोचला. मूल खाटेवर पाहिलं आणि तो कोसळलाच. दवाखान्याच्या ओसरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. देव वगैरे काही नव्हतं. मूल होत नाही म्हणून तो बायकोला घेऊन सुरतेच्या एका डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टर म्हणाले, अंग फार सुटलं आहे, ते उतरलं तर कूस उजवेल. अर्धं जेवायचं आणि रोज ही गोळी. घरी हे कसं सांगायचं? डॉक्टरने दोष बाईत काढला असं कळलं असतं तर भाऊबंदांनी दुसऱ्याच दिवशी नवी मुलगी पाहायला काढली असती. त्याला बायको टाकायची नव्हती. म्हणून त्याने आईला सांगितलं, ताकदीच्या गोळ्या आहेत. आईने बाटली घेतली आणि ताकदीची वस्तू एकाच सुनेला कशी द्यायची, म्हणून तिघींमध्ये वाटायला सुरुवात केली. बाटली लवकर संपू लागली. हा मुकाट्याने नवी आणत राहिला.

मी थोरलीच्या खाटेपाशी गेलो. आता मी फौजदाराच्या आवाजात बोलू शकत नव्हतो.

"बाई, तुम्हाला ठाऊक होतं ना, या गोळ्या अंग उतरवायच्या आहेत?"

तिने मान हलवली.

"मग धाकटीच्या हातावर पडत होत्या तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी सांगती, तं मंग कसान्या गोळ्या शेतस हाई बी सांगनं पडतं." तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला. "मले वाटनं, पोर बारीक व्हई. दुसरं काय व्हई? बारीक व्हईसन कोनी मरस का, साहेब?"

दुसरी बायको घरात येऊ नये म्हणून तिने तोंड मिटलं होतं, आणि तोंड मिटलं म्हणून मी तिला फाशीच्या वाटेला लावायला निघालो होतो. ज्या कापऱ्या हातांवर मी गुन्हा सिद्ध धरला, ते हात त्या गोळीने कापत होते. माझ्या हातातल्या अधिकाराचीच मला त्या दिवशी भीती वाटली.

मुलाचं पुढे काय होईल, हे डॉक्टरीणबाई पहिले काही दिवस सांगू शकत नव्हत्या. ताप चढे, उतरे. थोरली स्वतः आजारी, पण रात्रंदिवस ते तिच्याच कुशीत. आठवड्याअखेर ते पहिल्यांदा सलग झोपलं. त्या दिवशी ठाण्यात निरोप आला तेव्हा हवालदाराने टोपी काढून डोळे पुसले आणि धूळ गेली असं म्हणाला.

मुंबईचा अहवाल आला, विष आढळलं नाही. सुरतेच्या डॉक्टरांनी जबाब दिला की आपण औषध एका बाईला तपासून दिलं होतं, चौघांना नव्हे. ते खरंच होतं. सरकारी वकिलांचा सल्ला घेतला. हेतू नाही, वैर नाही, कुणाच्या माथी मारावा असा निष्काळजीपणाही कोर्टात टिकणार नाही, असं त्यांचं मत पडलं. कागद अकस्मात मृत्यू म्हणून मिटले. धाकटीच्या बापाला मी स्वतः समजावून सांगितलं. तो ऐकून उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, "मंग मी आते कोनवर राग धरू, साहेब?"

सासूबाईंना सांगायचं काम उरलं होतं. मुलगे म्हणत होते, आईला काही कळू देऊ नका. पण मूल दवाखान्यातून घरी यायचं होतं आणि नवी बाटली कुणीतरी कुठूनतरी आणली असती तर? मी ओट्यावर बसून त्यांना जितकं सोपं करता येईल तितकं करून सांगितलं. गोळ्या कशाच्या बनतात, एवढं मात्र गिळून टाकलं. गळ्यात माळ असलेली, कांदा न खाणारी बाई. तिने ते देवांच्या मागे ठेवलं होतं. तेवढं तरी तिच्यापर्यंत पोचू नये, असं मला वाटलं.

त्या रडल्या नाहीत. स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, आणि विचारताना आवाजात राग नव्हता, खरोखर उत्तर हवं होतं.

"मंग मी कोनले कमी देती, साहेब? थोरलीले? का मधलीले? तुमीच सांगा. कोनले कमी देती?"

मी टोपी उचलली आणि निघून आलो. तपास पुरा झाला होता, पण त्या प्रश्नापुढे मला बसवेना.

पुढे कळलं की त्या दिवसापासून त्यांनी घरात कुणाच्या ताटात काही वाढलं नाही. मुलाला भरवायचं काम थोरलीकडे गेलं आणि दुसऱ्या लग्नाची गोष्टही त्या घरात पुन्हा निघाली नाही. मूल आजीकडे रांगत गेलं आणि तोंड उघडलं, तरी त्या दोन्ही हात पदराखाली घेत.

आम्हाला खात्यात शिकवलं होतं की विषप्रयोगाचा संशय आला की आधी वैर शोधा. ते चूक नाही, बहुतेक वेळा वैरच सापडतं. पण त्या सकाळनंतर अशा कुठल्याही घरात चौकशीला गेलो की मी पहिला प्रश्न बदलला. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, हे नंतर. आधी मी विचारत असे, या घरात ताटं कोण वाढतं? घरातली सगळी माणसं गोंधळून माझ्याकडे पाहायची. मग एकेकाचा हात उठायचा, आणि प्रत्येक घरात तो आईकडेच जायचा.